बोट काचेवर, वादळ काचेच्या आत

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या दालनात एक माणूस कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपलाय. मेला तो साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वी, गेबेलीन नावाच्या जागी, आणि गरम वाळूत नुसता पुरलेला, त्यामुळे कोणी मसाले वगैरे न लावताच सुकून टिकला. शंभरेक वर्षं लोक त्याला काचेतून बघत होते आणि पुढच्या पेटीकडे जात होते. 2012 मध्ये त्याला लंडनमधल्याच एका हॉस्पिटलात नेऊन त्याचा सीटी स्कॅन केला आणि मग त्याच्या पेटीशेजारी एक टेबल मांडलं, टेबलाचा वरचा भाग म्हणजे एक मोठी टच स्क्रीन. बोट सरकवलं की कातडी गायब, अजून सरकवलं की स्नायू गायब, खाली हाडं. मग त्याला फिरवून पाठ वर आणायची, तर डाव्या खांद्याच्या फऱ्याला मार आणि त्याच्या खालची बरगडी चक्काचूर. पाठीत भोसकला होता त्याला, वय असेल 18 ते 21.

म्हणजे खुनाचा पुरावा शंभर वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, फक्त कातडीच्या आत. आणि शाळेच्या सहलीला आलेलं पोरगंही ते बोटाने उघडून बघू शकत होतं.

या टेबलामागचं तंत्र स्वीडनमधलं, नॉरशॉपिंग गावातलं व्हिज्युअलायझेशन सेंटर आणि लिंशॉपिंग विद्यापीठातले अँडर्स यनरमन वगैरे मंडळी यांचं. त्यांनी आधी ते डॉक्टरांसाठी, शवविच्छेदनाच्या कामासाठी केलेलं, चाकू न लावता आत बघता यावं म्हणून. या सगळ्या उद्योगाला सायंटिफिक व्हिज्युअलायझेशन म्हणतात. नाव जड आहे पण काम एका ओळीत सांगता येतं, आकड्यांचा ढिगारा घ्यायचा आणि माणसाच्या डोळ्याला कळेल असं चित्र करायचं. ढिगारा फार मोठा असेल तर सुपरकॉम्प्युटर लागतो, आणि चित्राशी हाताने खेळायचं असेल तर टच लागतो. या दोघांना एकत्र नांदवणं किती कटकटीचं आहे ते मला सांगायचंय, कारण बाहेरून ते मोबाईलवर फोटो मोठा करण्याइतकं सोपं दिसतं.

आधी त्या ममीचंच बघू, कारण तिचा डेटा लहान आहे.

घरात कोणाचा सीटी स्कॅन झाला असेल तर ती मोठी काळी फिल्म तुम्ही बघितली असेल, चौकोनी चौकोनी बारके फोटो ओळीने. प्रत्येक फोटो म्हणजे शरीराचा एक काप. अळूवडीचा उंडा वाफवून झाल्यावर आपण जसे काप करतो आणि प्रत्येक कापात आतलं गोल गोल वेटोळं दिसतं, तसं. आता ते सगळे काप परत एकाला एक चिकटवून उंडा उभा केला की तुमच्याकडे आकड्यांचा एक ठोकळा आला. ठोकळ्यात बारीक बारीक डबे, फोटोत पिक्सेल असतात तसे, फक्त त्यांना खोलीपण असते, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. आणि प्रत्येक डब्यात रंग नाही, फोटो नाही, फक्त एक आकडा, की इथे एक्स-रे किती अडला. हवेला उणे 1000, पाण्याला 0, हाडाला काही शे ते हजाराच्या वर. झालं, एवढंच असतं मशीनकडे.

मग कातडी कुठून आली आणि गायब कशी झाली? तर कोणीतरी ठरवलं की अमुक ते अमुक आकडा असलेले डबे तपकिरी आणि अपारदर्शक रंगवा, त्याच्या वरचे पांढरे, आणि त्याच्या खालचे रंगवूच नका. बोट सरकवलं तेव्हा तुम्ही कातडी सोलत नव्हता, तुम्ही हा नियम बदलत होता, की आता या आकड्यांना पारदर्शक कर. कॉम्प्युटरने मग डोळ्यापासून एकेक किरण ठोकळ्यात सोडायचा, वाटेत लागणाऱ्या डब्यांचे रंग थोडे थोडे गोळा करायचे आणि स्क्रीनवर एक ठिपका टाकायचा, असे लाखो ठिपके, आणि हे सगळं तुमचं बोट हललं की परत पहिल्यापासून. याला व्हॉल्यूम रेंडरिंग म्हणतात, 1988 च्या सुमारास याचे मूळ पेपर आले.

दुसरी पद्धत त्याच्या एक वर्ष आधीची. शाळेत भूगोलात समोच्च रेषा होत्या आठवतंय? एकाच उंचीची ठिकाणं जोडली की एक रेषा मिळते. तेच तीन मितींमध्ये केलं, म्हणजे एकच आकडा असलेली सगळी ठिकाणं जोडली, की रेषेऐवजी एक पापुद्रा मिळतो. जनरल इलेक्ट्रिकमधल्या लोरेन्सन आणि क्लाइन या दोघांनी 1987 मध्ये तो पापुद्रा पटकन काढायची युक्ती छापली, मार्चिंग क्यूब्स. आठ कोपऱ्यांचा एक छोटा घन घ्या, प्रत्येक कोपरा आपल्या आकड्याच्या वर की खाली एवढंच विचारा. आठ कोपरे, दोन उत्तरं, म्हणजे 256 शक्यता, त्यातल्या फिरवून-उलटवून सारख्या येणाऱ्या काढल्या की उरतात फक्त 15. त्या 15 साठी त्रिकोण कसे लावायचे ते आधीच लिहून ठेवा आणि घनामागून घन चालत सुटा. इतकी साधी गोष्ट आणि आज इतक्या वर्षांनीही मेडिकल सॉफ्टवेअरपासून हवामानापर्यंत सगळीकडे ती आहे. मला ही युक्ती पहिल्यांदा कळली तेव्हा वाटलेलं की हे तर मीही सुचवलं असतं, अर्थात सगळ्या चांगल्या युक्त्या कळल्यावर असंच वाटतं.

एक बारीक कुरकुर इथेच करून घेतो. रंग कोण ठरवतं? माणूस. आणि माणसाला इंद्रधनुष्य आवडतं, निळा-हिरवा-पिवळा-लाल, हवामानाच्या नकाशात असतं ना तसं. पण आपल्या डोळ्याला पिवळ्याची पट्टी जास्त चमकते, त्यामुळे आकडे हळूहळू वाढत असले तरी मध्येच एक कडा असल्यासारखं वाटतं, जी डेटात नाहीच. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आलेख काढायला वापरतात ती मॅटप्लॉटलिब सुद्धा 2017 पर्यंत, वेगळं काही सांगितलं नाही तर, असेच रंग द्यायची, मग विरिडिस नावाची समजूतदार पट्टी आली. चित्र छान आहे म्हणजे खरं आहे असं नसतं, असो.

आता मोठ्या ढिगाऱ्याकडे. 24 मे 2011 ला अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात एल रेनो भागात एक टोर्नाडो झाला, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेलं भोवऱ्यासारखं वादळ, ईएफ 5, म्हणजे टोर्नाडोची ताकद मोजायच्या पट्टीवरचा सगळ्यात वरचा. साधारण 100 किलोमीटर जमिनीवरून फिरला, 9 माणसं गेली. विस्कॉन्सिन विद्यापीठातले ली ऑर्फ यांनी तो सुपरकॉम्प्युटरमध्ये परत तयार केला. म्हणजे त्या दिवशीच्या हवेची माहिती दिली आणि भौतिकशास्त्राची समीकरणं चालवली, टोर्नाडो काढ असं कुठे सांगितलेलं नाही, तो आपोआप झाला पाहिजे. इलिनॉय विद्यापीठातल्या ब्लू वॉटर्स या मशीनवर त्याला तीन दिवसांहून जास्त लागले. हवेचा जो ठोकळा घेतला तो 120 किलोमीटर लांब, 120 रुंद आणि 20 उंच. मुंबई ते पुणे सरळ रेषेत साधारण एवढंच अंतर भरतं, तर तेवढ्या अंतराचा चौरस, आणि उंचीला विमानं उडतात त्याच्या जवळपास दुप्पट. त्यातल्या मधल्या महत्त्वाच्या भागात दर 30 मीटरला एक ठिपका, एकूण 180 कोटी ठिपके.

इथे जरा कागद-पेन घ्या. एका ठिपक्याला एक आकडा ठेवायला 4 बाइट. म्हणजे नुसता हवेचा दाब, तोही एका क्षणाचा, 7 जीबीच्या वर. वारा तीन दिशांनी म्हणजे तीन आकडे, मग तापमान, बाष्प, पाऊस, गारा, ढगातले थेंब, धरा दहा-बारा गोष्टी, एका क्षणाला 70-80 जीबी. आणि हा टोर्नाडो एका क्षणात झाला नाही, तासाभराच्यावर चालला. ऑर्फ यांनी पुढे दर 10 मीटरला ठिपका घेऊनही केलं, तेव्हा ठिपके झाले 25,000 कोटी, आता दाबाचा एक क्षण म्हणजे अख्खा 1 टीबी. तो नुसता डिस्कवरून वाचायचा म्हटला, सेकंदाला 1 जीबी धरून, तर 16-17 मिनिटं. अजून चित्र काढायला सुरुवातही नाही.

पण चित्र काढलं त्याचा फायदा बघा. त्या सिम्युलेशनमध्ये हवा कुठे आणि कशी पिळली जातेय ते रंगवून फिरवून बघताना त्यांना एक गोष्ट दिसली, वादळाच्या पुढच्या अंगाला, पाऊस पडून थंड झालेल्या हवेत जमिनीलगत आडवी पडलेली फिरत्या हवेची एक लांब नळी, शेपटीसारखी, जी वाहत येऊन वादळातल्या वर चढणाऱ्या हवेच्या मुख्य झोतात खेचली जातेय आणि झोताला अजून जोर देतेय. स्ट्रीमवाइज व्हॉर्टिसिटी करंट असं तिचं नाव ठेवलं, आता वादळवाले तिला प्रत्यक्षातही शोधतात. आकड्यांच्या कोष्टकात ही नळी कोणालाही दिसली नसती. सरासरी काढून, आलेख काढूनही नसती दिसली, कारण काय शोधायचं तेच माहीत नव्हतं. अशा वेळी माणसाला डेटात नुसतं भटकू द्यावं लागतं, इकडून बघ, तिकडून बघ, इथे काप, तिथे मोठं कर. आणि भटकायचं म्हणजे मशीनने लगेच उत्तर दिलं पाहिजे, प्रत्येक वळणावर 17 मिनिटं थांबून कोणी भटकत नाही.

मग करतात काय? एका मशीनने हे होणार नाही हे उघड आहे, म्हणून ठोकळ्याचे तुकडे करून शेकडो कॉम्प्युटरना वाटतात. प्रत्येकाकडे आपला तुकडा, तो फक्त आपल्या तुकड्याचं चित्र काढतो. समजा दोनशे जणांना दोनशे ट्रेसिंग पेपर दिले आणि एकाच नजरेतून ज्याचा त्याचा भाग काढायला सांगितला, मग सगळे कागद पुढे-मागे बरोबर क्रमाने एकावर एक ठेवले की पूर्ण चित्र तयार. यात मजा ही की डेटा कितीही अवाढव्य असो, कागद तेवढाच राहतो, स्क्रीनएवढा. टेराबाइट जिथल्या तिथे, फिरतात फक्त काही मेगाबाइटची चित्रं.

पण दोनशे कागद एकाच माणसाकडे आणून दिले तर तो बिचारा मरेल आणि बाकीचे 199 चहा पीत बसतील. म्हणून जोड्या लावतात, तू माझ्या कागदाचा वरचा अर्धा घे, मी तुझा खालचा अर्धा घेतो, दोघं आपापला अर्धा जुळवू, मग पुढची जोडी, पुढचा पाव. शेवटी प्रत्येकाकडे अंतिम चित्राची एक पट्टी उरते आणि कोणी रिकामं बसत नाही. बायनरी स्वॅप म्हणतात याला. अमेरिकेतल्या सँडिया लॅबची आइसटी नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, हेच करते आणि ती पॅराव्ह्यू या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या पोटात आहे. पॅराव्ह्यू फुकट आहे, ओपन सोर्स आहे, घरच्या लॅपटॉपवरही चालतं, कोणाला हात साफ करायचा असेल तर करा, सुरुवातीला मेनू बघून घाबराल पण दोन दिवसांत जमतं.

आता वेळेचा हिशोब, कारण सगळी गोची तिथेच आहे. माणूस आणि मशीन यांच्यात एक जुना ठोकताळा आहे, 1968 पासूनचा, की उत्तर एक दशांश सेकंदात आलं तर माणसाला वाटतं मी केलं आणि झालं. एक सेकंद लागला तर थांबल्याची जाणीव होते पण विचारांची तार तुटत नाही. दहा सेकंद लागले की माणूस मोबाईल काढतो. (मोबाईल काढतो हे माझं, बाकीचं संशोधन.)

टचला तर हा एक दशांश सेकंदही महाग पडतो. माउस तुमच्या हातात टेबलावर असतो आणि बाण तिकडे स्क्रीनवर, दोघांत थोडा उशीर असला तर मेंदू चालवून घेतो. टचमध्ये बोट आणि वस्तू एकाच जागी हवी, आणि बोट पुढे गेलं नि वस्तू मागून फरफटत आली की लगेच दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या रिसर्चवाल्यांनी 2012 मध्ये याचा व्हिडिओ दाखवला होता, 100 मिलिसेकंद उशीर असेल तर बोटाखालचा चौकोन रबराने बांधल्यासारखा मागून येतो, 1 मिलिसेकंद केला तर कागद सरकवल्यासारखा बोटाला चिकटून राहतो. तेव्हाचे टॅब्लेट त्या 100 च्या आसपासच होते.

आणि आता समजा पुण्यात बसून कोणी इलिनॉयमधल्या मशीनवरचा डेटा बोटाने फिरवतंय. अंतर साधारण 13,000 किलोमीटर, काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं जाऊन-येऊन 0.13 सेकंद, तेही तार नाकासमोर सरळ टाकली असं धरून, आणि मशीनने शून्य वेळात चित्र काढलं असं धरून. म्हणजे एक दशांशचं बजेट प्रवासातच संपलं. कितीही पैसे टाका, प्रकाश काही जोरात पळणार नाही.

त्यामुळे थोडी लबाडी करावी लागते, चांगल्या अर्थाने. बोट हलत असताना ओबडधोबड चित्र दाखवायचं, हजारातला एखादा त्रिकोण ठेवून बाकी टाकून द्यायचे, आणि बोट थांबलं की मग सावकाश खरं, पूर्ण चित्र आणायचं. गूगल मॅप्स पटकन सरकवला की आधी धूसर चौकोन येतात आणि मग गल्ल्यांची नावं उमटतात, तसंच. पॅराव्ह्यू मुळात असंच वागतं, फिरवतानाचं चित्र वेगळं आणि थांबल्यावरचं वेगळं. शिवाय ते बघतं की दाखवायची आकृती लहान आहे का, साधारण 20 एमबीच्या आत असेल तर आकृतीच तुमच्या लॅपटॉपकडे पाठवून देतं, तिथल्या तिथे फिरवत बसा, आणि मोठी असेल तर तिकडेच चित्र काढून नुसता फोटो पाठवतं. माणसाला हालचाल करताना बारकावे तसेही दिसत नाहीत, बसच्या खिडकीतून आपण पाटी कुठे वाचतो, म्हणून ही लबाडी खपते.

आता बोटाकडे येऊ, मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो.

मिठाईच्या दुकानात काचेच्या कपाटावर आपण बोट ठेवतो आणि म्हणतो "ते द्या पाव किलो." दुकानदार विचारतो, कुठलं, पुढचं की मागचं? कारण बोट काचेवर आहे, बर्फीवर नाही. बोटापासून आत सरळ रेषा काढली तर तिच्यावर बर्फी येते, तिच्यामागे पेढा येतो, त्यामागे भिंत. थ्रीडी डेटाला टच करायचं म्हणजे दिवसभर हेच, आणि मशीनला "काय हो, हे का?" असं विचारायची अक्कल नाही. काच सपाट, डेटा खोल. शिवाय बोटाचं टोक सेंटिमीटरभर रुंद, चांगल्या मोबाईलवर त्याच्याखाली दीडशे पिक्सेल रुंदीची जागा झाकली जाते, म्हणजे जे दाखवायचंय त्याच्यावरच आपला हात.

फोटोत हे जाणवत नाही कारण फोटो सपाट असतो. दोन बोटांनी आपण चार गोष्टी करतो, डावी-उजवीकडे सरकव, वर-खाली सरकव, गोल फिरव, मोठं-लहान कर. पण थ्रीडीत सरकायच्या तीन दिशा, फिरायच्या तीन दिशा आणि वर मोठं-लहान, असे सात प्रकार झाले, आणि बोटं तीच. तीन बोटांनी हे, चार बोटांनी ते, असं करता येतं पण लक्षात कोण ठेवणार? शास्त्रज्ञ वादळ बघायला आलाय, हार्मोनियम वाजवायला नाही.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात लिंगयुन यू, टोबियास आयसेनबर्ग आणि त्यांच्या सोबत्यांनी 2010 मध्ये यावर जे काढलं ते मला फार आवडतं कारण त्यात चमत्कार काही नाही. चित्राभोवती फ्रेम असतेच, तिचाच वापर करा. मध्ये बोट ठेवून ओढलं तर चित्र सरकेल. फ्रेमवर बोट ठेवून आतल्या बाजूला ओढलं तर चेंडू फिरवल्यासारखं फिरेल. फ्रेमच्या कडेकडेने बोट नेलं तर स्टिअरिंगसारखं जागच्या जागी गोल फिरेल. फ्रेमचे काही वेगळे भाग झूमसाठी आणि आत-बाहेर जाण्यासाठी. बस, एका बोटात सातही प्रकार. आणि याचा मोठा फायदा असा की बोटाखाली काय आहे हे मशीनला कळायची गरजच नाही, कारण आकाशगंगांचे कण किंवा धुराचे लोट अशा डेटात पकडायला वस्तूच नसते, नुसता भुसा असतो.

पण कधीतरी निवडावं लागतंच, की मला हा तारकांचा पुंजका हवाय. त्याच गटाने 2012 मध्ये क्लाउडलासो आणलं. बोटाने पुंजक्याभोवती एक वेडंवाकडं वर्तुळ काढायचं. आता त्या वर्तुळातून आत बघितलं तर बोगद्यासारखी एक लांब जागा येते, तिच्यात पुंजक्यासोबत पुढचे-मागचे भटके कणही येतात. मशीन त्या बोगद्यात कुठे किती गर्दी आहे ते मोजतं, विरळ भाग सोडून देतं आणि दाट भागाभोवती पापुद्रा काढतं. तो पापुद्रा काढायला कोण? आपले 1987 चे मार्चिंग क्यूब्स. आणि माणसाने वर्तुळ कशासाठी काढलं असेल तर गर्दीसाठीच काढलं असेल हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. म्हणजे दुकानदाराला कळलं, गिऱ्हाईक बर्फीच्या ढिगाकडे बोट दाखवतंय, भिंतीकडे नाही.

त्रिमिती चष्मा लावून बघायचं असेल तर वेगळाच घोळ, चित्र काचेच्या बाहेर हवेत तरंगतंय आणि बोट लावायला गेलात तर ते चित्रातून आरपार जाऊन काचेला लागतं, की सगळा भास गेला. मिनेसोटा विद्यापीठातल्या डेन कॉफी, डॅन कीफ यांनी 2011 मध्ये तोडगा काढला, समोर उभी मोठी स्क्रीन तिच्यावर खरं दृश्य, आणि खाली टेबलासारखी आडवी टच स्क्रीन. त्या टेबलाच्या वर हवेत हृदयाचं छोटं मॉडेल तरंगताना दिसतं आणि टेबलावर त्याची सावली. बोट लावायचं ते सावलीला. सावली सपाट असते, काच सपाट असते, भांडण मिटलं.

टेक्सासमध्ये ऑस्टिनला टॅक नावाचं मोठं सुपरकॉम्प्युटिंग सेंटर आहे, तिथल्या व्हिज्युअलायझेशन लॅबमध्ये हे सगळं एका छताखाली होतं. 2008 मध्ये त्यांनी स्टॅलियन नावाची भिंत उभी केली, 30 इंची 75 मॉनिटर, आडव्या पाच ओळी आणि उभ्या पंधरा रांगा, मिळून 30 कोटी 70 लाख पिक्सेल. आपली घरची फुल एचडी टीव्ही म्हणजे 20 लाख. नंतर लासो नावाची टच भिंत, सहा स्क्रीनची, सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेल, एकाच वेळी अनेक लोकांनी हात लावायची. आणि मागे गणित करायला 2010 मध्ये आलेलं लाँगहॉर्न, 256 मशीन आणि त्यात 512 ग्राफिक्स कार्डं, खास चित्रं काढण्यासाठीच घेतलेली.

मोठ्या टच भिंतींचं तंत्र मोबाईलपेक्षा वेगळं असायचं, सांगतो. बोट टेकलं की काचेतल्या विजेत जो बदल होतो तो मोबाईल ओळखतो. मोठ्या भिंतीवर चौकटीच्या कडेला इन्फ्रारेड दिवे आणि समोरच्या कडेला डोळे, अदृश्य प्रकाशाची जाळी, बोट मध्ये आलं की जाळी तुटते. त्यामुळे पेन्सिल चालते, हातमोजा चालतो, पण शर्टाची बाही टेकली तरी मशीनला वाटतं बोट आलं. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये जेफ हान यांनी 2005 मध्ये अजून सोपी गंमत केली होती, ॲक्रिलिकच्या पाटीत प्रकाश कोंडायचा, बोट टेकलं की तिथून तो बाहेर फुटतो, मागे कॅमेरा. 2006 मध्ये त्यांनी स्टेजवर ते दाखवलं तेव्हा लोक अक्षरशः चकित झाले, आणि पुढच्याच वर्षी आयफोन आला आणि सगळ्यांना ते रोजचं झालं.

आता खरं सांगू का, आजही बहुतेक शास्त्रज्ञ माउस आणि पायथनवरच काम करतात. उभ्या भिंतीवर दहा मिनिटं हात वर करून काम करून बघा, शाळेतल्या शिक्षेची आठवण येईल, हात भरून येतो, याला गोरिला आर्म असं नावच पडलंय. टायपिंग काचेवर नकोसं होतं. आणि अचूक आकडा हवा असेल, की काप बरोबर 412 नंबरच्या जागी घे, तर बोटाने तो कधीच येत नाही, टाइप करणंच बरं. टच जिथे शोभून दिसतो ती जागा म्हणजे चार-पाच माणसं एका टेबलाभोवती उभी आहेत, हवामानवाला, गणितवाला, एक डॉक्टर, आणि कोणीतरी म्हणतं थांब थांब, मागे घे, ते काय होतं? तेव्हा माउस कोणाच्या हातात आहे हा प्रश्न उरत नाही. म्युझियममध्ये ममीचं टेबल चाललं ते त्यामुळेच.

आपल्याकडे पुण्यात पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत 2018 मध्ये प्रत्यूष नावाचा सुपरकॉम्प्युटर आला, 4 पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला चारावर पंधरा शून्य एवढी गणितं, आणि 2024 मध्ये अर्क, 11.77 पेटाफ्लॉप्स. म्हणजे सहा-सात वर्षांत गणिताचा वेग जवळपास तिप्पट. जगभर हेच चाललंय आणि सगळीकडे एकच रडगाणं आहे, गणित जितकं वेगाने वाढतं तितक्या वेगाने डिस्कवर लिहिणं वाढत नाही. मशीन आकडे तयार करतं सेकंदात आणि ते साठवायला जागा नाही, वेळही नाही. मग बरेच लोक आता डेटा साठवतच नाहीत, सिम्युलेशन चालू असतानाच, आकडे मेमरीत गरम असतानाच चित्रं काढून घेतात आणि आकडे टाकून देतात. इन सिटू म्हणतात याला.

पण आकडेच टाकून दिले तर बोट लावायचं कशाला? अमेरिकेतल्या लॉस अलामोस लॅबच्या जेम्स आहरेन्स आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये यावर सिनेमा नावाची पद्धत मांडली. सिम्युलेशन चालू असताना शेकडो कोनांतून, वेगवेगळे पापुद्रे, वेगवेगळे रंग लावून हजारो लाखो फोटो काढून ठेवायचे. नंतर तुम्ही बोटाने फिरवता तेव्हा खरं काही फिरत नाही, फक्त बरोबर कोनाचा फोटो समोर येतो. फोटोच तो, त्यामुळे साध्या टॅब्लेटवरही झटकन येतो, सुपरकॉम्प्युटर नको, तेरा हजार किलोमीटरचा प्रवास नको, उशीर नाही. टचवाल्यांना हवं होतं ते सगळं मिळालं.

फक्त कॅमेरे कुठे लावायचे आणि कुठले पापुद्रे काढायचे ते सिम्युलेशन सुरू व्हायच्या आधी ठरवावं लागतं. आणि ती आडवी शेपटीसारखी नळी तर अशी होती की ती तिथे असेल हे आधी कोणाला माहीतच नव्हतं. तिच्याकडे कोणी कॅमेरा लावला नसता, तर तुम्ही टॅब्लेटवर कितीही बोट फिरवा, त्या कोनाचा फोटोच नसता.